अक्काच्या गाडीचं इंजिन

अक्का, तुझं तेरावं झालं. मांडवाचे बांबू काल परत गेले, केळीची पानं गाईंनी खाल्ली, आणि आईनं तुझा स्टेथॉस्कोप पुसून पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला. घर आता शांत आहे म्हणून तुझ्याशी बोलायला बसलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कारखाना सोडून बसलास कशास?" कारखाना उघडाच आहे. तुझी गाडी दारात उभी आहे. येणारा-जाणारा तिच्याकडे बघतो, जरा थांबतो, आणि मला काही विचारावं की नाही या घोटाळ्यात पुढं निघून जातो.

वाचनालयात तुझ्यासाठी सभा झाली. कुंभकोणमच्या आपल्या मराठी मंडळींपैकी पहिली लेडी डॉक्टर, मद्रासला जाऊन शिकलेली, वगैरे सगळं बोलून झालं. ते खरंच आहे, पण त्यात तू मला कुठं दिसली नाहीस. मला सारखं आठवतं ते आपलं इंजिनावरचं भांडण. ते पुरं झालं नाही. तुझा शेवटचा शब्द व्हायचा, मग माझा, मग पुन्हा तुझा, आणि आता मध्येच थांबलं आहे. वर जरा माझ्याकडूनच थांबल्यासारखं वाटतं, कारण बोलायची पाळी माझी होती.

गाडी घेतलीस तेव्हा मी नुकताच पुण्याकडून परतलो होतो. युद्धाची सगळी वर्षं लष्कराच्या मोटार वर्कशॉपात काढली. तिथले लोक माझं मराठी ऐकून हसायचे. मी "जाहलं" म्हटलं की कोणीतरी "आले बघा पेशवाईतले" म्हणायचं. युद्ध संपलं, वर्कशॉपनं माणसं कमी केली, आणि मी कुंभकोणमला येऊन आपल्या ओट्यावर बसून राहिलो. गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. माझ्या विद्येचं इथं करायचं काय, हे मला कळत नव्हतं. त्याच सुमारास विलायतेला परत निघालेल्या एका रेल्वे इंजिनिअरची युद्धाआधीची छोटी दोन दारांची गाडी तू घेऊन टाकलीस. चालवायला येत नव्हतं तुला. सायकलसुद्धा येत नव्हती.

महामहम तळ्याभोवतीच्या रस्त्यावर सकाळी सकाळी मी तुला शिकवलं. तळ्याच्या पायऱ्यांवर अंघोळ करणारे लोक ओली धोतरं हातात घेऊन बघत उभे राहायचे. तू पदर खोचून, दात आवळून चक्र धरायचीस, आणि वळणावर मी "सोड, सोड" म्हटलं की चक्रच सोडून द्यायचीस. मी पायाखालच्या क्लचबद्दल बोलत असायचो.

पुढं वर्षभर तुझ्या गाडीला दर आठवड्याला काहीतरी व्हायचं. कधी नळी सुटायची, कधी वायर. दुरुस्तीसाठी मी मागच्या परसात छप्पर घातलं, मग तिथं मिलवाल्यांची लॉरी आली, मग बसवाले आले, आणि बघता बघता कारखाना झाला. बऱ्याच वर्षांनी एकदा माझ्या डोक्यात आलं, की तुला तेव्हा गाडीची खरंच गरज होती का? तुझे सगळे रोगी तेव्हा चार गल्ल्यांत राहत होते. गाडीसाठी तुला भाऊ लागला की भावासाठी तू गाडी घेतलीस? विचारायचं म्हणून कितीदा आलो होतो. तू समोर दिसलीस की भलतंच काहीतरी बोलणं निघायचं, आणि ते राहून जायचं. आता विचारून ठेवतो. उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चालतो.

नंतर मात्र गाडीची गरज पडू लागली. चोळपुरम्, मरुदानल्लूर, सुंदरपेरुमाळ कोयिल, कुठून कुठून बायकांची बोलावणी येऊ लागली. भातखाचरांच्या बांधावरून, चिखलातून, धुळीतून ती लहानशी गाडी तू हाकलीस. इंजिन झिजत गेलं. तेल पिऊ लागलं. मागून निळा धूर निघायचा, आणि शेतातल्या बाया तो लांबून बघूनच "डाक्टरम्मा वराळे" म्हणायच्या, डॉक्टरीणबाई येतायत. औषधांच्या पेटीशेजारी तू इंजिनाच्या तेलाची बाटली ठेवू लागलीस. एकदा चोळपुरमच्या वाटेवर ती संपली तेव्हा तू बाळंतिणींसाठी नेलेलं एरंडेल इंजिनात ओतलंस. गाडी घरी आली. मी झाकण उघडलं तर आत सगळं डिंकासारखं चिकट. मी बोंबललो, तर तू म्हणालीस, "पोहोचले ना? पोट साफ होण्याशी कारण."

नवे पैसे सुरू झाले त्या वर्षी इंजिनानं दम सोडला. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या रेल्वे फाटकापाशी आतून ठोकल्याचा आवाज येऊ लागला, आणि बैल लावून गाडी कारखान्यात आणावी लागली. मी इंजिन उतरवलं, उघडलं. सिलिंडर झिजून लांबट झालेले, क्रँकवर ओरखडे, एक बेअरिंग वितळून गेलेलं. मी तुला सगळं गोणपाटावर मांडून दाखवलं. तू रोग्याजवळ उभी राहतेस तशी हात मागं बांधून उभी राहिलीस.

"जगेल?" तू विचारलंस.

"जगेल. सिलिंडर कातून मोठे करायचे, आत नव्या नळ्या बसवायच्या, क्रँक तिरुच्चीला पाठवून घासून आणायचा, बेअरिंगं नव्यानं ओतायची. दोन महिने धर."

"आणि दुसरं घातलं तर?"

दुसरं होतं. मद्रासला जुन्या मोटारींच्या बाजारात माझ्या ओळखीच्या एका माणसाकडे अपघातात चेपलेल्या नव्या गाडीचं इंजिन पडलं होतं. मोठं, ताकदवान, जवळजवळ न वापरलेलं. मालगाडीनं आणलं असतं तर पंधरवड्यात बसवून झालं असतं.

"मग आण की," तू म्हणालीस.

मी नको म्हणालो. तुझ्या गाडीचा सांगाडा हलका, ब्रेक तारेवर ओढायचे. त्याच्यात तसलं इंजिन घालायचं म्हणजे पळायला लावायचं आणि थांबायची सोय करायची नाही. शिवाय पुढचा आडवा दांडा कापावा लागला असता, रेडिएटर सरकवावा लागला असता. गाडी ती गाडीच उरली नसती.

"मधू, तुज इंजिन पाहिजे. मज गाडी पाहिजे," तू म्हणालीस.

"तू तरी काय करतेस? मोडलेलं माणूस टाकून दुसरं आणतेस का?"

"माणसाचं नाव काढू नकोस इथं." तू खरंच चिडलीस. "माणसाला दुसरं मिळत नाही म्हणून मी शिवत बसते. मिळालं असतं तर मीसुद्धा बाजारातून आणलं असतं. याला मिळतंय. आण."

ते वाक्य मी कारखान्यात येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं आहे, तुझं नाव न सांगता. पण त्या दिवशी मी हट्ट सोडला नाही. तूही सोडला नाहीस. आठवडा तसाच गेला. तू जेवताना बोलायची नाहीस, आणि आई दोघांच्या पानात सांबार वाढताना म्हणायची, "त्या लोखंडाला माझ्या घरात काय म्हणून बोलावलंत?"

त्या आठवड्यात तू बैलगाडीनं जात होतीस. राजाम्बाळचं झालं ते त्याच वेळी. मी तिथं नव्हतो. तू सांगितलंस ते, आणि नंतर बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं ते, एवढंच मला माहीत आहे.

राजाम्बाळ चोळपुरमची. आदल्या दिवसापासून तिला कळा येत होत्या, पण निरोपच तुला दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा आला. तू पोहोचलीस तेव्हा मूल आडवं होतं आणि एक हात बाहेर आला होता. तिथं करण्यासारखं काही नव्हतं. इस्पितळात पोट उघडावं लागणार होतं. बैलगाडीतून नेलं असतं तर ती वाटेतच गेली असती. कुंभकोणमला निघालेली दुपारची बस तेवढ्यात नाक्यावर आली. तू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिलीस. बस भरलेली होती. तू ड्रायव्हरला काय म्हणालीस ते त्यानं मला हावभावांसकट करून दाखवलं. ओरडली नाहीस म्हणे. एवढंच म्हणालीस, "सगळ्यांना उतरव. मागची बाकं काढता येतात का बघ." आणि लोक उतरले. बाजारच्या टोपल्या, कोंबड्या, सगळं घेऊन उतरले. एका म्हाताऱ्यानं आपलं नवं धोतर राजाम्बाळच्या खाली अंथरायला दिलं. बस मध्ये कुठंही न थांबता कावेरीचा पूल ओलांडून इस्पितळाच्या फाटकातून आत शिरली.

राजाम्बाळ वाचली. मूल वाचलं नाही.

संध्याकाळी तू इस्पितळातून थेट कारखान्यात आलीस. लुगडं रक्तानं भरलेलं. बस पळवल्याची बातमी गावभर झाली होती, ती मला कळली होती. तुला बघितल्यावर मला दुसरं काही सुचेना. मी म्हणालो, "अक्का, मी उद्याच्या गाडीनं मद्रासला जातो. इंजिन घेऊन येतो."

तू स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "नको."

"नको म्हणजे?"

"जुनंच बांध. सावकाश बांध. तुला हवं तसं."

मला वाटलं तू रागानं बोलतेस. पण तू थकून, अगदी साध्या आवाजात बोलत होतीस. "माझी गाडी आज चालू असती तर काय जाहलं असतं, सांग. मी तासभर आधी पोहोचले असते. पुढं? राजाम्बाळला त्या गाडीत आडवं कुठं केलं असतं? मागच्या बाकावर पोरंसुद्धा पाय दुमडून बसतात. त्यात विमानाचं इंजिन घाल, तरी बाई मावणार नाही."

मी दिलेला पाण्याचा तांब्या तू खाली ठेवलास.

"आदल्या दिवशीच मी तिथं असते, तर हात लावूनच कळलं असतं मूल आडवं आहे ते. सकाळच्या बसनं आणलं असतं तिला, बसवून. मला लवकर पोहोचायचं नाही, मधू. मला तिथं असायचं आहे. गाडी बांधून होईतोवर मी चोळपुरमला राहते."

मग आपल्या बाजू बदलल्या. नवं इंजिन आणलंच पाहिजे, पंधरा दिवसांत गाडी देतो, असं मी म्हणू लागलो. एकट्या बाईनं परगावी राहायचं म्हणजे काय, राहणार कुठं, खाणार काय, आईनं काय म्हणायचं. ब्रेकचं मी बघतो, सांगाड्याला पट्ट्या मारतो, असंही म्हणालो. तू मला सांगत होतीस की तारेचे ब्रेक आहेत आणि सांगाडा हलका आहे. माझेच मुद्दे मला ऐकवत होतीस, आणि चांगले मांडत होतीस. तिथं उभा असलेला लॉरीचा ड्रायव्हर शेवटी हसला, आणि मग तूसुद्धा हसलीस. हसता हसता रडायला लागलीस. त्या मुलासाठी रडलीस. मुलगा होता, हे तू मला तेव्हा सांगितलंस.

चोळपुरमच्या मिलवाल्या मुदलियारांनी भात ठेवायची एक खोली तुला दिली. भिंतीला चुना लावला, मी एक पलंग ठोकून नेला. पायाकडची बाजू उचलता यावी असा तुला हवा होता, म्हणून खाली गाडीचा जॅक बसवला. तू फिरवून बघितलास आणि म्हणालीस, "हे काम तुझं चांगलं." माझं कौतुक तू फार वेळा केलेलं नाहीस, त्यामुळं मला लक्षात आहे.

तिथं काय घडलं ते तू दर रविवारी घरी आलीस की सांगायचीस. गाडीतून यायचीस तेव्हा बायका तुला फक्त दुखणं सांगायच्या. आता संध्याकाळी ओट्यावर बसायच्या आणि बाकीचं सांगायच्या. कोणाला पोटात मूल असतानाही उपाशी ठेवतात, कोणाची तीन मुलं जाऊन चौथं यायचं आहे आणि ती तोंडातून शब्द काढत नाही. सरोजा अशीच आली. नवऱ्यानं टाकलेली, गावातल्या सुईणीची नात. तिच्या हातात कला आहे म्हणालीस, आणि तिला शिकवायला घेतलंस. आम्हाला वाटलं होतं गाडी येईतोवरची सोय. पण आठवड्याला दोन-तीन बाया त्या भाताच्या खोलीत बाळंत होऊ लागल्या.

इकडे मी इंजिन बांधलं. अक्का, तसं काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही फारसं केलं नाही. क्रँक तिरुच्चीहून दोनदा परत पाठवला. बेअरिंग रंग लावून खरवडायचं, परत रंग लावायचा, परत खरवडायचं, जिथं टेकतंय असं रंगावरून दिसेल तिथलं तेवढंच. कोणाची घाई नव्हती. तू घाई करू नकोस म्हणाली होतीस म्हणून मला ते करता आलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी तू आली होतीस. आवाज शिवणयंत्रासारखा बारीक. मागं जाऊन वाकून बघितलंस, धूर नाही. "आता मी येतेय हे लोकांना कळणार कसं?" म्हणालीस. मी हॉर्न वाजवून दाखवला. बसलीस आणि निघून गेलीस.

त्यानंतरच्या वर्षांत गाडीनं एकदाही वाटेत दगा दिला नाही. मी ते बोलून दाखवायचो, अर्थात. भाताच्या खोलीच्या दोन खोल्या झाल्या, दारावर पाटी लागली. मी म्हणायचो, "बघ, दुसरं इंजिन घातलं नाही ते बरं केलं." आणि तू म्हणायचीस, "तू दुरुस्त केलंस म्हणून काही झालेलं नाही. बिघडलं म्हणून झालं." मी म्हणायचो, बिघडल्यावर दोन महिने घेणारा माणूस लागतो. तू म्हणायचीस, पंधरा दिवसांत दिलं असतंस तरी मी राहिलेच असते. मी म्हणायचो, राहिली नसतीस. हे किती वेळा झालं असेल? आई उठून आत जायची.

यंदा पोंगलनंतर तू आरशात डोळे बघितलेस आणि मला हाक मारलीस. "कावीळ आहे," म्हणालीस, जशी दुसऱ्या कोणाची असावी. दोन दिवस पडून राहिलीस, तिसऱ्या दिवशी उठून चोळपुरमला गेलीस. मी अडवलं नाही. अडवून तू थांबली असतीस असं मला अजूनही वाटत नाही. परत आणलं तेव्हा शुद्ध येत-जात होती. एका दुपारी मी उशाशी होतो, तू डोळे उघडलेस आणि स्पष्ट आवाजात म्हणालीस, "मी राहिलेच असते." मला आधी कळलंच नाही तू काय म्हणतेस. कळलं तेव्हा तू परत झोपली होतीस. म्हणून म्हटलं, पाळी माझी होती.

काल तुझी हत्यारं, औषधं आणि ती रबरी चादरींची गुंडाळी घेऊन चोळपुरमला गेलो. तुझीच गाडी घेऊन गेलो. मनात होतं की सरोजाला भेटावं, सामान द्यावं, गाडी विकायचं काय ते मुदलियारांशी बोलावं आणि यावं. मला वाटलं होतं लोक जमतील, रडतील, मला बोलावं लागेल. तसं काही झालं नाही. आत एक बाई अडली होती. मुदलियार ओट्यावर अस्वस्थ होऊन बसले होते, बाईचा नवरा दाराजवळ उकिडवा बसला होता, आणि सरोजानं दार अर्धवट उघडून माझ्या हातातली पेटी घेतली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बसलो. आतून जॅक फिरवल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळानं मूल रडलं.

सरोजा बाहेर आली. घामानं भिजली होती. "अण्णा, मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. पण ही फार घाबरलेली आहे, आईला बोलवा म्हणते. आई मरुदानल्लूरला असते. गाडी आहे ना?"

मी मरुदानल्लूरला गेलो. भजनमठाजवळच्या गल्लीत घर होतं. म्हातारी तांदूळ निवडत होती. ती तशीच उठली, सूप शेजारणीच्या हातात दिलं आणि गाडीत येऊन बसली, पुढं, माझ्या शेजारी. तू गेल्यापासून गाडीत माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. कावेरीच्या पुलापर्यंत ती पुढच्या रस्त्यावरच डोळे लावून होती. मग तिनं समोरची काच, दाराची कडी, सगळं नीट बघून घेतलं.

"ही डाक्टरम्माची गाडी ना?"

"हो."

"तुम्ही कोण?"

"तिचा भाऊ."

तिनं डोळ्याला पदर लावला, आणि लगेच काढला. पोरीकडं जायचं होतं तिला. "आता बोलावणं आलं तर गाडी कोण आणणार, तंबी?"

"मी," मी म्हणालो.

अक्का, हे तुला विचारून ठरवायला हवं होतं. तू नको म्हणाली असतीस, कारखान्याचं काय असं विचारलं असतंस, आठवडाभर जेवताना बोलली नसतीस, आणि शेवटी आपल्या दोघांच्या बाजू बदलल्या असत्या. पण तू नव्हतीस, म्हणून एका शब्दात ठरलं.